मिठी नको, पत्र काढा

चित्रशंका : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात या सदरात एक विषय दिला होता : विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानी समाजात गाजलेली, बदनाम झालेली प्रेमप्रकरणं आज चित्रांतून कशी मांडाल? अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत पत्रं आली, सोबत कच्ची रेखाटनंही. त्यात चंद्राखालच्या मिठ्या आणि चेरीचा बहर यांचा नुसता सुकाळ आहे. खाली ज्या चार प्रकरणांबद्दल लिहिलंय ती जून, जुलै, ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये घडली. चेरी फुलते मार्च-एप्रिलमध्ये. तेव्हा बहर आधी खोडून टाका, मग पुढचं वाचा. जपानी नावांत आडनाव आधी येतं, तोच क्रम इथे ठेवला आहे.

प्रश्न : चार चित्रांची मालिका करायची आहे. प्रकरणं बरीच दिसतात. सुरुवात कुठून करू? (मालवण)

ब्याकुरेनपासून करा. तिच्या प्रकरणात चित्रकाराला हवं ते सगळं आहे, आणि शेवट मृत्यूत नाही.

यानागिवारा आकिको (जन्म १८८५) ही काउंट घराण्यातली मुलगी, तायशो सम्राटाची मामेबहीण. ‘ब्याकुरेन’ हे तिचं कवयित्री म्हणून घेतलेलं नाव. पहिलं लग्न मोडल्यावर १९११ मध्ये तिचं लग्न क्यूशू बेटावरचा कोळसा खाणमालक इतो देन-एमोन याच्याशी लावलं गेलं. तो तिच्याहून जवळजवळ पंचवीस वर्षांनी मोठा, गरिबीतून वर आलेला, शिक्षण नावापुरतं. ऑक्टोबर १९२१ मध्ये तोक्योला गेलेली असताना ती मियाझाकी र्‍यूसुके या तरुणाकडे निघून गेली. आणि नवऱ्याला उद्देशून लिहिलेलं, नातं तोडल्याचं पत्र ‘ओसाका असाही’ या वर्तमानपत्रात छापून आलं. नवऱ्याची बाजू प्रतिस्पर्धी ‘ओसाका माइनिची’नं छापली. नवरा-बायकोचं भांडण दोन वर्तमानपत्रांनी आपापसांत वाटून घेतलं!

आता चौकटी. पहिलीत कोळसा खाणमालकाचं घर काढा : मोठी ओसरी, निगुतीनं राखलेली बाग, आणि त्यात एकटी बाई. देन-एमोनचं इइझुका इथलं घर आजही पाहायला खुलं आहे, त्यामुळे संदर्भाला फोटो भरपूर मिळतात. दुसरीत पत्र लिहिणारा हात. फक्त हात, मनगटापाशी बाहीची कड आणि गुंडाळीचा कागद. तिसरीत वर्तमानपत्र वाचणारा नवरा, पाठमोरा. चौथीत दोघंही नकोत. दुसऱ्याच कुणाच्या घरात, चहाच्या पेल्याखाली दबलेलं तेच वर्तमानपत्र ठेवा. बदनामी म्हणजे शेवटी हेच, आपलं पत्र अनोळखी माणसाच्या पेल्याखाली असणं.

वर्तमानपत्र काढताना एक गोष्ट सांभाळा. मजकूर उभ्या ओळींत, उजवीकडून डावीकडे जातो. पान मात्र आडव्या पट्ट्यांत विभागलेलं असतं. आधी पेन्सिलीनं आडव्या पट्ट्या पाडा, मग प्रत्येक पट्टीत बारीक उभ्या तुटक रेघा. खोटी जपानी अक्षरं अजिबात काढू नका. वाचता येणारा माणूस पहिल्यांदा तिथेच बघतो, आणि बाकीचं चित्र त्याच्या दृष्टीनं संपलेलं असतं.

प्रश्न : माझा किमोनो साडीसारखा दिसतो असं सर म्हणतात. नेमकं काय चुकतं? (चित्रकलेची विद्यार्थिनी, देवरूख)

सरांचं बरोबर आहे, तुमच्या रेखाटनात कमरेखाली निऱ्या आहेत. किमोनोला निऱ्या नसतात.

किमोनोचं कापड साधारण ३६-३८ सेंटिमीटर पन्ह्याचं आणि सुमारे १२ मीटर लांबीचं, अरुंद तागा. त्यातून सरळ पट्ट्या कापून शिवतात. गोलाई नाही, खांद्यावर शिवण नाही. पाठीच्या बरोबर मधून एक उभी शिवण जाते, आणि बाहीची शिवण खांद्याच्या हाडावर न येता दंडावर उतरलेली असते. एवढ्या दोन शिवणी जागच्या जागी पडल्या की निम्मं काम झालं. बाईच्या किमोनोत कमरपट्ट्याच्या, म्हणजे ओबीच्या, खालच्या कडेशी कापडाची आडवी दुमड दिसते. लांबी जास्तीची असते, ती तिथे घेतलेली असते. ही दुमड न काढल्यामुळे बरेच किमोनो आंघोळीनंतरच्या झग्यासारखे दिसतात. मागची कॉलर मानेपासून सुटी ठेवा. मानेचा मागचा भाग उघडा दिसणं हाच त्या पोशाखातला शृंगार; गळा पुढून उघडा टाकायची गरज नाही.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. डावी बाजू उजव्या बाजूवर येते, बाईची असो वा पुरुषाची. बघणाऱ्याला वरची कड आपल्या उजव्या हाताकडून खाली डावीकडे येताना दिसते. उलटं नेसवतात ते प्रेताला. चित्र काढताना ही चूक फारशी होत नाही, ती होते नंतर. पानाच्या मांडणीत माणूस आतल्या बाजूला बघावा म्हणून कुणी तरी कॉम्प्युटरवर चित्र आडवं उलटवतं, आणि पानावर मृत बाई हसत बसते. छापायला देताना ‘चित्र उलटवू नये’ असं स्पष्ट लिहून द्या.

ओबीची गाठ पाठीवर. पुढे गाठ बांधतात त्या जुन्या वेश्यावस्तीतल्या गणिका. काउंटच्या मुलीला तशी गाठ दिलीत तर अर्थाचा अनर्थ होईल.

प्रश्न : १९०८ ची बाई आणि १९२२ ची बाई यांत फरक कसा दाखवायचा? सगळ्या सारख्याच दिसतात. (दापोली)

केसांवरून. मेइजी काळाच्या (१८६८-१९१२) अखेरीस कपाळावर छपरासारखा पुढे काढलेला फुगा होता. १९२१-२२ च्या सुमारास कान झाकणारी, कडेनं लाटा घातलेली रचना आली. कापलेले केस रस्त्यावर सर्रास दिसू लागले ते १ सप्टेंबर १९२३ च्या कांतो भूकंपानंतर. शाळा-कॉलेजातली मुलगी काढायची तर गडद तांबूस विजार-घागरा (हाकामा), केसांत मोठी रिबीन आणि पायात चक्क नाडी बांधायचे बूट. हाकामाला मात्र निऱ्या असतात, तिथे हौस भागवा.

कापडही ऋतूप्रमाणे बदला. ऑक्टोबर ते मे अस्तराचा किमोनो, जून आणि सप्टेंबरमध्ये बिनअस्तराचा, जुलै-ऑगस्टमध्ये जाळीदार पातळ. अस्तराच्या किमोनोला खालच्या कडेशी आणि बाहीच्या तोंडाशी वेगळ्या रंगाची बारीक किनार दिसते. तेवढी एक रेघ महिना सांगून जाते.

तायशो काळ (१९१२-१९२६) म्हटलं की रंग भडक घ्यायला घाबरू नका. जुनं वाटावं म्हणून सगळं चित्र चहाच्या पाण्यात बुडवायची फॅशन आहे, ती सोडा. रासायनिक रंग तोवर रुळले होते. ‘मेइसेन’ नावाच्या रेशमात जांभळा, गर्द हिरवा, लाल असे रंग आणि मोठाले आकार एकमेकांशेजारी बसवलेले असत. त्यात उभे धागे आधी सैल विणून, त्यावर साच्यानं रंग छापून, पुन्हा विणत, म्हणून नक्षीची कड उभ्या दिशेनं किंचित विस्कटलेली दिसते. ते साधायला पोस्टर कलरनं आकार भरा, आणि रंग ओलसर असतानाच कोरड्या चपट्या ब्रशनं कड फक्त वर-खाली, मिलिमीटरभर ओढा. आडवं ओढलंत की नुसता डाग पडतो.

प्रश्न : ओसुगी साकाएचं समुद्रकाठचं प्रकरण निवडलंय. समुद्र तर आमच्या दारातच आहे. काही वेगळं लागेल का? (वेंगुर्ले)

लागेल. पहिलं म्हणजे माड काढून टाका.

प्रकरण थोडक्यात असं : ओसुगी साकाए हा अराज्यवादी लेखक. पत्नी होरी यासुको, पत्रकार कामिचिका इचिको आणि ‘सेइतो’ या स्त्रियांच्या मासिकाची तरुण संपादिका इतो नोए, अशा तिघींशी त्याचे एकाच वेळी संबंध. यावर त्यानं तत्त्वज्ञानही रचलं होतं : प्रत्येकानं आपलं पोट आपण भरायचं, वेगळं राहायचं, एकमेकांच्या मोकळेपणात ढवळाढवळ करायची नाही. कागदावर झकास! प्रत्यक्षात कामिचिका पगार मिळवत होती आणि ओसुगीला पैसे पुरवत होती. नोव्हेंबर १९१६ मध्ये हायामा इथल्या ‘हिकागे चाया’ या खानावळ-वजा-मुक्कामाच्या घरात तिनं त्याच्या गळ्यावर वार केला. तो वाचला, तिला दोन वर्षांची कैद झाली. पुढे १९५३ मध्ये हीच बाई जपानच्या संसदेत निवडून गेली. ओसुगी आणि नोए यांना मात्र १९२३ च्या भूकंपानंतरच्या गोंधळात, १६ सप्टेंबरला लष्करी पोलिसांनी ठार मारलं.

हायामा सागामी उपसागरावर आहे, तोंड पश्चिमेकडे. म्हणजे सूर्य तुमच्यासारखाच समुद्रात मावळतो, आणि हवा स्वच्छ असेल तर पाण्यापलीकडे फुजी दिसतो. किनाऱ्यावर काळे पाइन. इथल्या सुरूच्या बनावरून ते काढायचा मोह होईल, पण सुरूची पालवी खाली लोंबते आणि झाड सरळसोट वाढतं. काळ्या पाइनचं खोड वाकडंतिकडं, साल खवल्यांची, आणि पालवीचे आडवे थर असतात. प्रत्येक थराचा तळ जवळजवळ सपाट ठेवा, वरची बाजू टोकदार. सुरूच्या लोंबत्या रेघा राहिल्या तर हायामा न दिसता शिरोडा दिसेल.

चाकू दाखवू नका असं आम्ही सुचवू. खोलीत तीन उशा, दोन अंथरुणं. किंवा कुणी किती पैसे दिले ते लिहिलेली वही. या प्रकरणात पैसा प्रेमाइतकाच बोलतो, तो चित्रात आलाच पाहिजे.

प्रश्न : आमच्याकडे गंजिफाचं काम चालतं, लाकडी ठोकळ्यांची सवय आहे. जपानी पद्धतीनं ठशांची छपाई पावसाळ्यात जमेल का? (सावंतवाडी)

जमेल. ही छपाई ओलसर कागदावरच होते, त्यामुळे दमट हवा अर्धी मित्र आहे. उरलेला अर्धा भाग सांभाळावा लागेल.

लाकूड : तिकडे डोंगरी चेरीचं वापरतात, रेषा घट्ट म्हणून. इथे शिवण घ्या. पाऊस-उन्हात कमी वाकतं आणि चाकूला सोपं जातं. केसांच्या बारीक रेघांसाठी मात्र ते जरा मऊच. रेघ अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवू नका, तुटते. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला पाट) पावसाळ्यात नकोच, ओल्या ब्रशनं कड फुगते.

नमुना : पातळ कागदावर चित्र काढून ते पालथं चिकटवायचं आणि कागदासकट कोरायचं. सुलटं चिकटवलंत तर छाप उलटा येईल आणि किमोनोची बाजू बदलेल, वर देवरूखच्या उत्तरात सांगितलेली चूक इथे लाकडात कोरली जाईल. पहिल्यांदा एक रेषांचा ठसा आणि रंगांचे तीन, एवढंच ठेवा. चारही ठोकळ्यांवर कागद बसवायच्या खुणा कोरायच्या : खालच्या एका कोपऱ्यात काटकोनी खाच आणि त्याच बाजूला पुढे एक सरळ खाच. त्यासाठी चित्राभोवती किमान २५ मिलिमीटर जागा सोडा.

कागद : एक ओला टीपकागद, त्यावर दोन-तीन कोरडे कागद, असे थर लावा, वर पाट आणि वजन, सगळं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून रात्रभर. सकाळी कागद गालाला लावल्यावर गार लागावा पण ओला लागू नये. ओल्या कागदाची लांबी वाढते, कोरड्याची कमी होते. पहिला रंग ओलसर कागदावर आणि दुसरा सुकलेल्यावर छापला की ओठांचा लाल हनुवटीवर जातो. रंग सरकले की लोक खाचा पुन्हा कोरत बसतात. बहुतेकदा दोष खाचेचा नसतो, ओलीचा असतो. म्हणून एका बैठकीत सगळे रंग उरका. आषाढ-श्रावणात ओला गठ्ठा दुसऱ्या दिवशी वास मारायला लागतो, तिसऱ्या दिवशी बुरशी दिसते. काम अर्धवट राहिलं तर गठ्ठा प्लॅस्टिकसकट फ्रीजरमध्ये ठेवा.

रंग : पाण्याचा रंग ब्रशनं ठोकळ्यावर लावायचा, सोबत तांदळाच्या पातळ खळीचा थेंब. खळ नसेल तर रंग दाणेदार, ठिपक्याठिपक्यांचा उठतो. जास्त झाली तर कागद चिकटतो आणि पापुद्रा निघतो. खळ रोज ताजी करा. आकाशाच्या उतरत्या छटेसाठी ठोकळ्याचा तो भाग आधी पाण्यानं ओला करायचा आणि ब्रशच्या एकाच कडेला रंग घेऊन आडवा फिरवायचा. पहिले पाच-सहा छाप वाया जातात, ते धरूनच कागद भिजवा.

प्रश्न : कपाटातल्या वॉटरकलरच्या कागदावर वॉश दिला की गडद ठिपके पडतात. रंग खराब आहे का? (गुहागर)

कागद गेला आहे. दमट कपाटात बुरशी कागदावरचं सरसाचं आवरण खाते, आणि तिथे रंग टीपकागदासारखा आत शिरतो. नवीन कागदाच्या कोपऱ्यावर आधी साधं पाणी फिरवून बघा, ठिपके तिथेच दिसतील. असा कागद शाईच्या किंवा पेन्सिलीच्या कच्च्या कामाला ठेवा. चांगला कागद (३०० जीएसएम) जाड प्लॅस्टिकमध्ये, सिलिका जेलच्या पुड्यांसह, भिंतीपासून दूर, आडवा ठेवा. पुड्या महिन्याभरानं तापवून पुन्हा कोरड्या करायला विसरू नका.

प्रश्न : त्या काळी जपानमध्ये प्रेम करणं गुन्हा होता का? (चिपळूण)

लग्न झालेल्या बाईनं करणं, हो. १९०८ पासून लागू झालेल्या फौजदारी कायद्याचं कलम १८३ सांगत होतं की नवऱ्यानं फिर्याद केली तर व्यभिचारी पत्नीला आणि तिच्या प्रियकराला दोन वर्षांपर्यंत कैद. नवऱ्यानं बाहेर कितीही उद्योग केले तरी पत्नीला फिर्यादीचा असा हक्क नव्हता. हे कलम १९४७ मध्ये गेलं. आपल्याकडचं कलम ४९७ (२०१८ मध्ये रद्द) एकतर्फीच होतं, फक्त तिथे शिक्षा पुरुषाला होती.

चित्रासाठी याचं उत्तम उदाहरण म्हणजे कवी किताहारा हाकुशू. शेजारच्या घरातली, नवऱ्यापासून दुरावलेली मात्सुशिता तोशिको आणि तो, दोघांनाही जुलै १९१२ मध्ये नवऱ्याच्या फिर्यादीवरून अटक झाली. सुमारे दोन आठवड्यांनी तडजोड होऊन सुटका. त्याच महिन्याच्या ३० तारखेला मेइजी सम्राट वारला आणि तायशो काळ सुरू झाला. त्या काळी कच्च्या कैद्याला नेताना तोंड झाकणारी, विणलेली खोल टोपी घालत. प्रसिद्ध कवी, पण चेहराच नाही. ब्याकुरेनच्या नवऱ्यानं मात्र फिर्याद केली नाही, हे त्याच्या चित्रात कुठे तरी यायला हवं. त्याला निव्वळ खलनायक करू नका.

प्रश्न : अरिशिमा ताकेओ आणि हातानो आकिको यांनी एकत्र जीव दिला. ते चित्र कसं काढावं? (अलिबाग)

मृत्यू काढूच नका. पद्धत, जागा, देह, काहीही नको. दुःखाला रोमँटिक मुलामा चढतो आणि तो वाचणाऱ्या एखाद्या खचलेल्या माणसाला घातक ठरू शकतो.

अरिशिमा नावाजलेला कादंबरीकार, पत्नी वारलेली, तीन मुलं. हातानो ‘फुजिन कोरोन’ या मासिकाची पत्रकार, विवाहित. तिच्या नवऱ्यानं पैसे मागितले आणि खटल्याची धमकी दिली. जून १९२३ मध्ये कारुइझावा या थंड हवेच्या ठिकाणी दोघं गेली आणि जुलैत ते सापडल्यावर वर्तमानपत्रांनी कहर केला. काढायचंच तर संपादकाचं टेबल काढा : हस्तलिखितांचा गठ्ठा, रिकामी खुर्ची, दुरुस्त्या अर्धवट राहिलेलं पान. जून म्हणजे तिकडेही पावसाचा महिना, त्यामुळे खिडकीबाहेरची राखाडी आणि भिंतीवरची ओल तुम्हाला कुणी शिकवायला नको. किंवा पुढचा महिना काढा, मुलांच्या घराबाहेर उभी असलेली वार्ताहरांची गर्दी, नुसत्या टोप्या आणि छत्र्या.

प्रश्न : ताकेहिसा युमेजीची शैली घेतली तर चालेल का? चोरी होते का? (राजापूर)

युमेजी (१८८४-१९३४) हा जपानी चित्रकार वारून ९० हून जास्त वर्षं झाली. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, त्यामुळे त्याची चित्रं वापरायला मोकळी आहेत. हाशिगुची गोयो (मृत्यू १९२१) आणि कावासे हासुई (१९५७) यांचंही तसंच. इतो शिन्सुई १९७२ मध्ये वारला, त्याला हात लावू नका. संग्रहालयांच्या फोटोंच्या अटी वेगळ्या असतात, त्या वाचा.

शैली घेताना लोक डोळे मोठे करतात आणि तिथेच थांबतात, मग ती हल्लीची कॉमिक्स वाटते. युमेजीची बाई शरीरातून ओळखू येते : मान पुढे कललेली, खांदे जवळजवळ नसलेले, कंबर मागे, एकूण सैल वळण. आणि हात मोठे. लहान, नाजूक बोटं काढलीत की तो गेला. त्याच्या ‘कुरोफुनेया’ (१९१९) या चित्रात पिवळ्या किमोनोतल्या बाईनं काळं मांजर धरलंय. तिची बोटं बघा, मग चेहऱ्याकडे वळा.

प्रश्न : याच धर्तीवर थिबा राजाच्या थोरल्या राजकन्येचं प्रकरण काढू का? (रत्नागिरी)

जरूर. तो काळही तोच आहे. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा १८८६ पासून १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत रत्नागिरीत नजरकैदेत होता. थोरल्या राजकन्येचं घरातल्या नोकराशी प्रेम जमलं, तो आधीच विवाहित. त्यांना १९०६ मध्ये मुलगी झाली. मोठी चूक होईल ती इथे : पाठवलेल्या रेखाटनात दोघं थिबा पॅलेसच्या गच्चीवर आहेत, आणि तो राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये. त्याआधी कुटुंब साध्या बंगल्यांत राहत होतं. तेव्हा कौलं उतरती घ्या, पडवी लाकडी, फाटकावर पहारा. राजकन्येला साडी नको; ब्रह्मी लुंगी-वजा घेर आणि आखूड सदरा. वंशज याच मुलखात राहिले, म्हणून त्या मुलीचा, राजाच्या नातीचा चेहरा जुन्या फोटोवरून हुबेहूब उतरवू नका, पाठमोरी ठेवा. आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या पायात काही घालू नका.